‘आमच्या घरात कुणालाच नव्हता, मग जेनेटिक टेस्ट कशाला?’

हडपसरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाला, वय ३८, गेल्या आठवड्यात एएमएल म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, हा रक्ताचा कॅन्सर, असल्याचं कळलं. डॉक्टरांनी बोनमॅरोवर कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची पाहणी), फिश (ठरावीक गुणसूत्र-बदल रंगीत ठिपक्यांनी शोधणारी तपासणी) आणि एनजीएस पॅनल (अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी) लिहून दिलंय. खर्च बराच आहे, आणि काही रिपोर्टांना दोन आठवडे लागतील असं सांगतात. घराण्यात कुणालाच कॅन्सर नव्हता, मग जेनेटिक टेस्ट कशाला? सरळ केमो का सुरू करत नाहीत? आणि भावाच्या दोन मुलांना किंवा मला हे होऊ शकतं का? आम्हीही तपासून घ्यायचं का?

ताई, आधी शब्दाचा घोळ निस्तरू. ओपीडीत माझा निम्मा वेळ यातच जातो. ‘जेनेटिक’ म्हटलं की आपल्या मनात ‘आनुवंशिक’ येतं, म्हणजे वंशातून आलेलं. आजोबांचं टक्कल, आत्याचा मधुमेह वगैरे. पण जनुकात बिघाड होणं वेगळं आणि तो बिघाड आईबापांकडून येणं वेगळं. तुमच्या भावाचा आजार जनुकीय आहे, पण जवळजवळ नक्की आनुवंशिक नाही. तुम्ही म्हणता घरात कुणालाच नव्हता. माझ्या बहुतेक रुग्णांच्या घरी कुणालाच नसतो.

हाडांच्या आतल्या मगजात, अस्थिमज्जेत, रोज सुमारे २०० अब्ज नव्या लाल पेशी तयार होतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स वेगळ्या. प्रत्येक वेळी पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची सगळी पोथी, अब्जावधी अक्षरं, नव्याने उतरवावी लागते. एवढ्या नकला करताना चुका होतातच. बहुतेक दुरुस्त होतात, किंवा ती पेशी मरते. क्वचित एखाद्या पेशीत नेमक्या जागी चूक पडते, वर्षा-दोन वर्षांनी किंवा वीस वर्षांनी तिच्याच वंशातल्या पेशीत दुसरी पडते, आणि मग ती पेशी मोठी होऊन कामाला लागायचं विसरते, नुसती वाढत राहते. हा बदल तुमच्या भावाच्या अस्थिमज्जेतल्या एका पेशीच्या वंशावळीत आहे. त्याच्या त्वचेत, यकृतात नाही, वीर्यपेशींतही नाही. मग तो मुलांकडे जाणार कसा?

डॉक्टरांनी जी तपासणी सांगितली आहे ती तुमच्या घराण्याची नाही, त्या बिघडलेल्या पेशींची आहे. कुंडली मागवली आहे ती आजाराची.

सुरुवातीची दोन वर्षं मी सायटोजेनेटिक्सच्या लॅबमध्ये काढली, त्यामुळे कॅरिओटाइपबद्दल मला जरा जास्त जिव्हाळा आहे. नवे डॉक्टर त्याला जुनाट समजतात. कंबरेच्या हाडातून काढलेली मज्जा ३७ अंशांवर एक-दोन दिवस वाढवायची. पेशी दुभंगायच्या बेतात असतानाच कोल्सेमिड घालून त्यांना तिथेच थिजवायचं. मग सौम्य मिठाच्या पाण्यात फुगवायचं, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडच्या तीनास एक मिश्रणात स्थिर करायचं, आणि काचेवर हातभर उंचीवरून थेंब टाकायचा. थेंब आपटला की पेशी फुटते आणि गुणसूत्रं पसरतात. नीट पसरली तर मोजता येतात, गुंता झाला तर ती पेशी गेली. पुण्यात जुलैमध्ये हवा दमट झाली की हा पसारा बिघडायचा, मग आमचे सर ब्लोअर लावून बसायचे. पुढे ट्रिप्सिन, गिम्साचा रंग, आणि मायक्रोस्कोपखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ४६ काड्या. अशा किमान वीस पेशी बघायच्या. आमच्या वेळी फोटो काढून, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून कागदावर जोड्या चिकटवायचो. आता सॉफ्टवेअर ते काम करतं, पण शेवटी माणसाचा डोळा लागतोच.

माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे पक्कं कळलं तेच १९५६ साली. चारच वर्षांनी, १९६० मध्ये, फिलाडेल्फियातल्या नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना क्रॉनिक ल्युकेमियाच्या रुग्णांत एक खुजं गुणसूत्र दिसलं. सगळ्यांना वाटलं, तुकडा तुटून हरवलाय. शिकागोच्या जॅनेट राउली घरी जेवणाच्या टेबलावर असेच फोटो कापून लावायच्या. मुलं म्हणायची, आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते. त्यांनी १९७३ मध्ये दाखवलं की तुकडा हरवलेला नाही. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांनी आपसात शेपट्या बदलल्या आहेत. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना अशीच अदलाबदल ८ आणि २१ मध्ये सापडली होती, आणि ती तुमच्या भावाच्या आजारातली, एएमएलमधली. पन्नास वर्षांनंतरही त्याच्या रिपोर्टात मी पहिल्यांदा हेच शोधेन.

का? कारण एएमएल हा एक आजार नाही. एकाच नावाखाली राहणारे दहा-बारा वेगळे आजार आहेत, आणि साध्या स्लाइडवर त्यातले बरेचसे सारखेच दिसतात. ८-२१ ची अदलाबदल निघाली, तर हा केमोला चांगला दबणारा प्रकार. सायटाराबिनचे मोठे डोस द्यायचे, मागे उरलेला आजार मोजत राहायचं, आणि सगळं नीट चाललं तर पहिल्या फेरीत बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या वाटेला जायचं नाही. उलट गुणसूत्रांचा पार विस्कोट असेल, तीन-चार ठिकाणी मोडतोड, सात नंबरचं एक गायब, टीपी५३ जनुक बिघडलेलं, तर नुसत्या केमोवर भिस्त ठेवता येत नाही. पहिल्या दिवसापासून डोनर शोधायला लागायचं. दोन्ही रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असतील, दोघांचा काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, सारखा, दोघांना तीच ‘सात-तीन’ची केमो, म्हणजे सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन. पण पुढचे सहा महिने दोघांचे अगदी वेगळे.

आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांत कॅरिओटाइप नॉर्मल येतो. नातेवाईक पेढे घेऊन येतात. मला त्यांना थांबवावं लागतं. नॉर्मल म्हणजे बिघाड मायक्रोस्कोपला दिसण्याइतका मोठा नाही, एवढाच अर्थ. आता एकेक जनुक वाचावं लागतं. एनपीएम१ नावाच्या जनुकात चार अक्षरं जास्तीची शिरलेली असतात. प्रौढांच्या एएमएलमध्ये साधारण तिसऱ्या हिश्शात हा बदल असतो, आणि तो एकटा असेल तर बातमी बरी. फ्लिट-थ्री नावाच्या जनुकात एखादा तुकडा दोनदा छापला गेलेला असतो, साधारण चारांतल्या एकात. अशा आजारात काउंट भराभर वाढतो आणि तो उलटून येण्याकडे कल असतो. पूर्वी हे कळून उपयोग नव्हता, नुसतं वाईट वाटून घ्यायचं. २०१७ साली मिडोस्टॉरिन या फ्लिट-थ्रीवरच्या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. तुमच्या भावाच्या वयोगटातल्याच रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला होता.

आता तुमच्या घाईचा मुद्दा. मिडोस्टॉरिनच्या गोळ्या केमोच्या आठव्या दिवशी सुरू होतात. म्हणजे फ्लिट-थ्रीचा रिपोर्ट आठव्या दिवसाच्या आत हातात हवा. ही एकच तपासणी स्वतंत्रपणे केली तर तीन-चार दिवसांत होते, पूर्ण पॅनलसोबत थांबलो तर दोन आठवडे. उद्या राउंडला डॉक्टरांना हेच विचारा: ‘फ्लिट-थ्री आणि एनपीएम१ वेगळं आणि लवकर पाठवलंय का?’ बऱ्याच ठिकाणी हे आपोआप होतं. काही ठिकाणी सगळं एका फॉर्मवर टिकमार्क करून जातं आणि महत्त्वाचं उत्तर बाराव्या दिवशी येतं.

‘आधी केमो, मग बघू’ हा हट्ट करू नका, कारण मज्जेचं पहिलं सँपल दुसऱ्यांदा मिळत नाही. केमो गेली की आजारी पेशी मरतात आणि आजाराची मूळ सही पुसली जाते. ती सही नसेल तर सहा महिन्यांनी ‘उरलंय का काही?’ हे कशाशी ताडून बघणार? दोन-चार दिवस थांबण्याची भीती मला समजते. पूर्वी आम्हीही रात्रीतून केमो लावायचो. २०२० साली जर्मनीतल्या सुमारे २,२०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांची प्रकृती स्थिर होती, त्यांचं काही दिवस थांबल्याने नुकसान झालेलं दिसलं नाही. काउंट लाखाच्या वर गेला असेल, धाप लागत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा थांबत नाही. सँपल मात्र तेव्हाही आधी घेतो.

आणखी एक अपवाद आहे, आणि तो मला चांगला लक्षात आहे. काही वर्षांपूर्वी दौंडकडची बावीस वर्षांची मुलगी रात्री साडेअकराला आली. हिरड्यांतून रक्त, पायांवर काळेनिळे डाग, प्लेटलेट्स ९,०००. गावात दोन आठवडे दातांचा इलाज चालला होता. स्लाइड बघितली तर पेशींत लाल काड्यांच्या मोळ्याच मोळ्या. ते चित्र एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. हा एपीएल, एएमएलचाच एक प्रकार. यात १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते, पीएमएल आणि आरएआरए ही दोन जनुकं जोडली जातात, आणि त्या जोडजनुकामुळे पेशी बालपणातच अडकते. रुग्ण दगावतो तो बहुधा पहिल्या काही दिवसांत, मेंदूत रक्तस्राव होऊन. फिशचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. आम्ही वाट पाहिली नाही. ट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल त्याच रात्री पाण्याबरोबर दिल्या. हे अ जीवनसत्त्वाचं नात्यातलं औषध, शांघायच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात वापरात आणलेलं. ते पेशीला मारत नाही, मोठं करतं. दुसऱ्या दिवशी फिशखाली लाल आणि हिरवे ठिपके एकमेकांना चिकटून पिवळे झालेले दिसले. निदान बरोबर होतं.

पुढे तिला दिलं ते आर्सेनिक. मुलीच्या आजीने विचारलं, ‘म्हणजे सोमल?’ हो आजी, सोमलच. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी ते आधी वापरलं, आणि आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नुसत्या आर्सेनिकवर एपीएल बरा होऊ शकतो हे नेटाने दाखवलं. २०१३ मध्ये इटली-जर्मनीचा अभ्यास आला: ज्यांचा धोका फार मोठा नव्हता अशा रुग्णांना ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक दिलं, केमो नाहीच, आणि दोन वर्षांनी ९७ टक्के जण जिवंत होते आणि त्यांचा आजार उलटलेला नव्हता. एकेकाळी ल्युकेमियातला सगळ्यात झटपट जीव घेणारा हा प्रकार. बिघडलेलं जनुक नेमकं सापडलं आणि त्यावर बसणारं औषध मिळालं म्हणून हे झालं. सगळ्या एएमएलचं असं झालेलं नाही, हेही सांगायला हवं. तुमच्या भावाला एपीएल असता तर हा प्रश्न विचारायला तुम्हाला वेळच मिळाला नसता, पहिल्याच रात्री कॅप्सूल सुरू झाल्या असत्या.

सँपलबद्दल थोडं, कारण निम्मे घोटाळे तिथे होतात. कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात, त्यामुळे मज्जा हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिनच्या नळीत जाते. जनुक वाचायचं असेल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी, कारण हेपॅरिन पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या नकला काढण्याच्या कामात, खोडा घालतं. बाहेरगावच्या एका रुग्णालयातून माझ्याकडे एकदा सगळं एकाच जांभळ्या नळीत आलं, वरून थर्मासमध्ये थेट बर्फावर ठेवून. पेशी मेलेल्या. कॅरिओटाइपच्या रकान्यात ‘वाढ झाली नाही’ एवढं लिहून आलं, आणि तोवर केमो सुरू झाली होती. त्या माणसाच्या आजाराचा प्रकार आम्हाला अंदाजानेच ठरवावा लागला. याच्या उलट, एका अनंत चतुर्दशीला मिरवणुकीमुळे रस्ते बंद, कुरियर बंद, तेव्हा आमचा तंत्रज्ञ हिरवी नळी शर्टाच्या खिशात घालून ढोलताशांतून वाट काढत लॅबपर्यंत चालत गेला. वीसच्या वीस पेशी सुरेख आल्या. खिशातली ऊब बर्फापेक्षा बरी.

पैशाचं. हात अगदीच आखडता असेल तर माझा क्रम असा: कॅरिओटाइप, फ्लिट-थ्री, एनपीएम१ आधी. मोठ्या पॅनलसाठी लॅबला डीएनए काढून जपून ठेवायला सांगा, आठ दिवसांनी पैसे जमले की त्यावरच तपासणी होते, पुन्हा टोचावं लागत नाही. कमी पैशात ‘फिशचं पॅकेज’ करून कॅरिओटाइप गाळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फिश विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं, कॅरिओटाइप न विचारलेल्याचंही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता खर्च बसतो हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रुग्णालय धर्मादाय असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. सामाजिक कार्यकर्त्याच्या टेबलापाशी उत्पन्नाचा दाखला घेऊन आजच जा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

तुमच्या भाच्यांबद्दल मी वर ‘जवळजवळ नक्की’ म्हटलं, ते का, तेही सांगतो. थोड्या घरांत खरोखरच वंशातून येणारा कल असतो. सीईबीपीए, आरयूएनएक्स१, डीडीएक्स४१, जीएटीए२ अशी काही जनुकं आहेत. आमचे कान कधी टवकारतात? घरात दुसऱ्या कुणाला ल्युकेमिया किंवा एमडीएस (मज्जेत पेशी नीट तयार न होण्याचा आजार) असेल, लहानपणापासून प्लेटलेट्स कमी असणारा कुणी असेल, किंवा भावाच्या पॅनलमध्ये अशा एखाद्या जनुकातला बदल जवळपास ५० टक्के प्रमाणात दिसला, म्हणजे दोनपैकी एक प्रत जन्मापासूनच तशी असावी, अशी शंका येते. मग रक्त किंवा लाळ घेऊन भागत नाही, दोन्हींत आजारी पेशी असतात. त्वचेचा छोटा तुकडा घेऊन, त्यातल्या पेशी वाढवून तपासावं लागतं. असं काही रिपोर्टात नसेल तर मुलांची तपासणी करू नका. गल्लोगल्ली ‘कॅन्सर जीन चेकअप’चे बोर्ड लागलेत, तिकडे फिरकूही नका.

लहान मुलांच्या ल्युकेमियाची, एएलएलची (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), कथा याहून वेगळी आहे आणि तिथले आईबाप स्वतःला फार छळतात, म्हणून दोन ओळी. त्यातल्या एका मोठ्या गटात १२ आणि २१ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल असते. इंग्लंडमध्ये मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने आजारी मुलांच्या जन्मावेळी टाचेतून कागदावर घेतलेले वाळलेले रक्ताचे थेंब काढून तपासले, तर हा बदल गर्भातच झाला होता. पण असा बदल घेऊन जन्मणारी बहुतेक बाळं आयुष्यभर ठणठणीत राहतात, पुढची चूक पडतच नाही. म्हणजे जन्मापूर्वीचा, तरीही आनुवंशिक नाही. ‘गरोदरपणात मी पपई खाल्ली होती’ असं रडत सांगणाऱ्या आईला मी हे समजावतो. हा गट बरा होण्यात अव्वल आहे. तिथे वंशातून आलेलं एक जनुक मात्र खरंच कामाला येतं, एनयूडीटी१५. त्यात बदल असलेल्या मुलाला ६-एमपी या केमोच्या औषधाची नेहमीची गोळीही झेपत नाही, काउंट तळाला जातो. आशियाई लोकांत हा बदल युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून डोस ठरवण्याआधी मी तो बघून घेतो.

व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘आयआयटी मुंबईचा कॅन्सरवरचा जीन इलाज’ तुम्हालाही आला असेल. ती नेक्सकार१९ ही सीएआर-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून आजारावर सोडणारी, उपचारपद्धती आहे, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेली, २०२३ मध्ये मान्यता मिळालेली, आणि खरी आहे. पण ती बी-पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या आजारांसाठी आहे. भावाच्या मायलॉइड आजाराला ती लागू नाही. त्यापायी परळच्या चकरा मारू नका.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. कॅन्सरसाठी तुम्हाला काही तपासायची गरज नाही. पण एक तपासणी तुम्हाला करावी लागेल, एचएलए टायपिंग, म्हणजे तुमच्या पेशी भावाशी जुळतात का हे बघणं. भावाच्या रिपोर्टात ट्रान्सप्लांटची गरज निघाली, तर सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाची पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. जुळलं नाही तर अर्धं जुळणाऱ्या नातलगाकडूनही आता ट्रान्सप्लांट होतं, त्यामुळे आधीच धीर सोडू नका. आणि पॅनलमध्ये तो ५० टक्क्यांचा संशय आला असेल, तर तुमच्यातही तोच बदल नाही ना, हे बघितल्याशिवाय तुमच्या पेशी त्याला द्यायच्या नाहीत, हे डॉक्टरांना आठवण करून द्या. तपासणीला जांभळ्या झाकणाच्या एक-दोन नळ्या रक्त लागतं. उपाशीपोटी यायची गरज नाही.